फेब्रुवारीचा तिसरा आठवडा

बॉनेट उघडलं की इंजिनामागच्या आडव्या पत्र्यावर, ज्याला आपले मेकॅनिकही फायरवॉलच म्हणतात, ड्रायव्हरच्या बाजूला रिव्हेट मारून बसवलेली एक छोटी पट्टी दिसते. तिच्यावर बरेच आकडे उठवलेले असतात. त्यातच कुठेतरी ‘०२सी’ असतं. ०२ म्हणजे फेब्रुवारी आणि सी म्हणजे तिसरा आठवडा. वर ‘६९’ असतं, त्यापुढे ‘एनओआर’, म्हणजे ओहायो राज्यातलं नॉरवुड. सिनसिनाटी शहराला चिकटलेल्या या गावातला जनरल मोटर्सचा कारखाना १९८७ साली बंद पडला. त्यातून १९६९ च्या फेब्रुवारीत बाहेर पडलेली एखादी शेवरोले कॅमारो झेड/२८ आज कुणाच्या गॅरेजात आली आणि ती प्रदर्शनात उभी करायची असं त्याने ठरवलं, की पुढची काही वर्षं तो या तीन चिन्हांचा नोकर होतो.

समजुतीसाठी आपण अशीच एक गाडी धरू. नॉरवुडची, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली, नारिंगी.

आधी गाडीबद्दल थोडं. १९६६ साली अमेरिकेत ट्रान्स-अ‍ॅम ही शर्यतमालिका सुरू झाली. तिच्यात इंजिनाची मर्यादा ३०५ घनइंच, म्हणजे पाच लिटर होती. शेवरोलेकडे या मर्यादेच्या अगदी जवळ जाणारं इंजिन नव्हतं. मग त्यांनी ३२७ घनइंची इंजिनाचा चार इंच बोअर घेतला, २८३ घनइंची इंजिनाचा तीन इंच स्ट्रोक घेतला आणि ३०२ घनइंचांचं इंजिन जुळवलं. कागदावर त्याची ताकद २९० अश्वशक्ती लिहिली. हा आकडा मुद्दाम कमी सांगितला होता, हे तेव्हाही सगळे जाणून होते. शर्यतीत उतरायचं तर तीच गाडी गिऱ्हाइकालाही विकावी लागे, म्हणून ती विकायला ठेवली. ‘झेड२८’ हे नाव कुणी बारसं करून ठेवलेलं नाही. ऑर्डरच्या फॉर्मवर जादा सामानाला जे कोड असत, त्यातलाच तो एक. १९६७ मध्ये अशा ६०२ गाड्या निघाल्या, १९६८ मध्ये ७,१९९ आणि १९६९ मध्ये सुमारे वीस हजार. रॉजर पेन्स्केच्या संघातून मार्क डोनाह्यूने १९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षं मालिका मारली आणि त्या कोडचं नाव झालं.

कट्टर लोक कॅमारोला मसल कार म्हणत नाहीत. मध्यम आकाराच्या गाडीत भलंमोठं इंजिन कोंबलं, तर ती मसल कार. त्यांच्या लेखी ही परंपरा १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून सुरू होते. कॅमारो आकाराने लहान, म्हणून ती ‘पोनी कार’. हा वाद इथेच सोडू. प्रदर्शनात दोघी एकाच छपराखाली उभ्या असतात.

पहिलं काम पान्याचं नसून वाचनाचं असतं. गाडी खरोखर झेड/२८ आहे का? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण त्या वर्षीच्या गाडीचा ओळखक्रमांक, ज्याला तिथे ‘व्हिन’ म्हणतात, याबाबतीत मुका आहे. डॅशबोर्डावर काचेतून दिसणारी ती पट्टी ‘१२४३७९एन’ अशी सुरू होते. १ म्हणजे शेवरोले, २४ म्हणजे आठ सिलिंडरची कॅमारो, ३७ म्हणजे दोन दारांची कूपे, ९ म्हणजे १९६९ आणि एन म्हणजे नॉरवुड. पुढचे सहा आकडे अनुक्रमाचे. म्हातारबाबाने भाजी आणायला घेतलेल्या साध्या आठ सिलिंडरच्या कॅमारोचाही क्रमांक असाच सुरू होतो. त्या वर्षी सगळ्या प्रकारच्या मिळून दोन लाख चाळीस हजारांहून जास्त कॅमारो बनल्या. त्यातल्या कुठल्याही साध्या गाडीवर पट्टे ओढून, बिल्ले चिकटवून आणि इंजिन बदलून नकली झेड/२८ उभी करता येते. कित्येकांनी ती केली आहे.

नॉरवुडने इथे थोडी दया केली. १९६८ च्या डिसेंबरपासून त्यांनी फायरवॉलवरच्या पट्टीवर ‘एक्स’ने सुरू होणारा कोड उठवायला घेतला. एक्स३३ किंवा एक्स७७ असेल तर गाडी झेड/२८. आपली गाडी फेब्रुवारीची असल्यामुळे हा पुरावा मिळतो. लॉस एंजेलिसच्या कारखान्यातल्या गाडीवर असा कोड नसतो आणि नोव्हेंबरातल्या नॉरवुडच्या गाडीवरही नसतो. त्यांच्या मालकांना कागदांवर विसंबावं लागतं.

कागद म्हणजे काय? एक असतो बिल्डशीट. कारखान्यातल्या कामगारांना या गाडीला काय काय लावायचं हे सांगणारा छापील ताव. काम झालं की तो फेकून द्यायचा, पण कामगार तो कधी सीटच्या स्प्रिंगमध्ये खोचत, तर कधी पेट्रोलच्या टाकीवर टाकत. पन्नास वर्षांनी टाकी उतरवताना तो पिवळा, उंदराने कुरतडलेला ताव हाती लागला तर मालकाचा आनंद बघण्यासारखा असतो. दुसरी वस्तू म्हणजे वॉरंटीच्या पुस्तिकेत चिकटवलेली ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’, एक छोटी धातूची पट्टी. सर्व्हिसिंगच्या वेळी डीलर तिच्यावरून कागदावर ठसा घ्यायचा. तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलचे कोड असतात. जीटीओवाल्यांचं मात्र बरं चालतं. पाँटिअ‍ॅकच्या जुन्या नोंदी टिकल्या आहेत आणि पैसे भरून त्यांची प्रत मिळते. अमेरिकेत विकलेल्या शेवरोलेला ती सोय नाही. कॅनडात विकलेल्या गाड्यांची कागदपत्रं तिथली जनरल मोटर्स देते, म्हणून सीमेपलीकडे गेलेल्या कॅमारोंना वेगळाच मान असतो.

कागदांनंतर लोखंड वाचायचं. इंजिनाच्या ब्लॉकवर दोन प्रकारच्या खुणा असतात. ओतकामाच्या वेळी साच्यातूनच उठून येणारा ओतीव क्रमांक आणि त्याची तारीख ही पहिली. तारखेत आधी महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा येतो. ‘ए २८ ९’ म्हणजे २८ जानेवारी १९६९. दुसरी खूण इंजिन जुळवल्यावर हाताने ठोकलेली. ब्लॉकच्या पुढच्या भागात, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे एक लहानशी सपाट जागा आहे, तिच्यावर ‘व्ही ०२०७ डीझेड’ असं काही असतं. व्ही म्हणजे मिशिगनमधला फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०२०७ म्हणजे ७ फेब्रुवारी, आणि डीझेड हे १९६९ च्या झेड/२८ इंजिनाचंच अक्षरयुग्म. जवळच गाडीच्या क्रमांकाचा शेपटाचा भाग ठोकलेला असतो, ‘१९एन’ आणि पुढे तेच सहा आकडे. ते डॅशबोर्डावरच्या आकड्यांशी जुळले की ‘मॅचिंग नंबर्स’. या दोन शब्दांनी गाडीची किंमत कुठल्या कुठे जाते.

आता २८ जानेवारीला ब्लॉक ओतला, ७ फेब्रुवारीला इंजिन जुळलं, तिसऱ्या आठवड्यात बॉडी उभी राहिली. ही रांग लागते. इतर भागांनीही याच रांगेत उभं राहायचं असतं. इंडियानातल्या मन्सी गावातून आलेल्या गिअरबॉक्सवर ‘पी९बी०५बी’ असेल तर तो ५ फेब्रुवारीचा, आणि शेवटचं बी सांगतं की तो जवळजवळच्या गुणोत्तरांचा एम२१ आहे. (मन्सीच्या महिन्यांची अक्षरं मे महिन्यानंतर उड्या मारतात. जूनला एफ नसून एच. का, हे विचारू नये.) अल्टरनेटरवर ‘९ए२०’ म्हणजे २० जानेवारी. होली कंपनीच्या कार्बोरेटरवर यादी क्रमांक ४०५३ हवा आणि त्याखाली तीन आकडी तारीख, वर्ष, महिना, आठवडा. प्लगच्या काळ्या वायरींवरसुद्धा तिमाही छापलेली असते, ‘४-क्यू-६८’ किंवा ‘१-क्यू-६९’. काचांच्या कोपऱ्यात दोन बारीक अक्षरं असतात, एक महिन्याचं आणि एक वर्षाचं.

भाग गाडीपेक्षा काही आठवडे किंवा दोन-तीन महिने जुना असेल तर चालतं, कारण कारखान्यात माल साठून असायचा. भाग गाडीपेक्षा नवा असून चालत नाही. फेब्रुवारीच्या गाडीत मार्चचा अल्टरनेटर म्हणजे आजोबांच्या लग्नाच्या फोटोत नातू उभा.

इथे लबाडीचीही ओळख करून घ्यावी लागते. मूळ इंजिन कधीच फुटून भंगारात गेलेलं असतं. मग त्याच काळातला दुसरा ब्लॉक आणायचा, ती सपाट जागा घासायची आणि हवे ते आकडे ठोकायचे. याला ‘रीस्टँप’ म्हणतात. पकडायचं कसं? कारखान्यात ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग ब्रोच नावाच्या अवजड यंत्राने एका फटक्यात कापला जायचा आणि त्याच्या दातांच्या बारीक समांतर रेघा पुढून मागे उठायच्या. घासलेल्या ब्लॉकवर त्या रेघा नसतात, किंवा वेगळ्या दिशेने असतात, किंवा हाताने ओढलेल्या असतात. जाणकार भिंग घेऊन आकड्यांच्या आधी रेघा बघतो. गाडीच्या क्रमांकाच्या छुप्या प्रतीही असतात. एक फायरवॉलवर हीटरच्या डब्यामागे आणि एक काचेखालच्या जाळीदार पत्र्याच्या आत. डॅशबोर्डावरची पट्टी फुलाच्या आकाराच्या, सहा पाकळ्यांच्या रिव्हेटांनी बसवलेली असते. तिथे साधा गोल रिव्हेट दिसला की विकत घेणाऱ्याने घरची वाट धरावी. त्या पट्टीशी छेडछाड हा अमेरिकेत केंद्रीय कायद्याखालचा गुन्हा आहे.

प्रामाणिक मालकाच्याही हातून याच जागी घात होतो. तो इंजिन बोअरिंगला देतो. मशीनशॉपवाला चांगला माणूस असतो, ब्लॉकचं फेसिंगही करून देतो, जादा पैसे न घेता. शिक्क्याची ती सपाट जागा फेसिंग होणाऱ्या पृष्ठभागाचाच पुढे आलेला तुकडा आहे. कटरने हजारांश इंच खाल्ले की सात फेब्रुवारी कायमची गेली. म्हणून अनुभवी मालक ब्लॉक देण्यापूर्वी त्या जागेवर टेप लावतो, टेपवर मोठ्या अक्षरांत सूचना लिहितो आणि तरीही मशीन चालू असताना शेजारी उभा राहतो.

वाचन संपलं की सुटं करायचं. आपल्याकडे गाडी उघडताना पहिल्यांदा प्रेशर मारून चिखल-ग्रीस धुतात. इथे तसं केलं तर निम्मा पुरावा गटारात जातो. पन्नास वर्षांच्या ग्रीसच्या थराखाली कारखान्यातल्या तपासनिसांच्या खुणा जिवंत असतात. फायरवॉलवर मेणखडूने काढलेला आकडा, ड्राइव्हशाफ्टवर रंगाचे पट्टे, स्टिअरिंगच्या नटावर ‘आवळला’ असं सांगणारा हिरवा किंवा पिवळा ठिपका. म्हणून थर हळूहळू, चिंधीने, सौम्य द्रावणाने काढायचा. खूण दिसली की फोटो, माप आणि ट्रेसिंग पेपरवर ठसा. नट-बोल्ट पिशव्यांत भरून चिठ्ठ्या लावायच्या. एका डब्यात सगळे बोल्ट टाकणारा माणूस या धंद्यात फार दिवस टिकत नाही, कारण बोल्टाच्या डोक्यावर तो बनवणाऱ्या कंपनीची अक्षरं असतात आणि परीक्षक ती वाचतात.

कॅमारोची रचना संमिश्र आहे. पुढचा सांगाडा वेगळा आणि बोल्टने जोडलेला, तर मागे बॉडी हीच चासी. पुढचा सांगाडा सोडवला की उरलेली बॉडी दोन टोकांना पकडून सळईवरच्या कबाबासारखी गोल फिरवता येईल अशा स्टँडवर चढवतात. मग गंज शोधायचा. तो ठरलेल्या जागी असतो. मागच्या चाकांभोवतीचा खालचा पत्रा, डिकीचा तळ, मागच्या काचेची खोबण, पुढच्या मडगार्डांची खालची टोकं. जुना रंग काढायला वाळूचा मारा करू नये. मोठ्या सपाट पत्र्यावर वाळू बसली की पत्रा ताणला जातो, लाटा उठतात आणि त्या परत बसत नाहीत. सोडा, प्लॅस्टिकचे दाणे किंवा रसायन वापरतात.

पत्रा बदलायचा झाला तर कुठला आणायचा? आज १९६९ च्या कॅमारोची अख्खी बॉडी नवी मिळते, परवाना घेऊन बनवलेली. रस्त्यावर फिरवायला ती छान आहे. प्रदर्शनात मात्र मूळ पत्रा जितका राहील तितका राखायचा. म्हणून हाताएवढा गंज कापून तेवढाच तुकडा जोडायचा, आणि जोडही कारखान्यासारखा दिसला पाहिजे. कारखान्यात दोन पत्रे दोन तांब्याच्या टोकांत चिमटून वीज सोडत. त्याने बारीक गोल खड्डा पडतो. आजच्या साध्या वेल्डिंगने फुगवटा येतो. तो घासून सपाट केला तर खड्डा नाही, म्हणून दोष. छताचा पत्रा आणि मागचा बाजूचा पत्रा जिथे मिळतात तिथला सांधा त्या काळी शिसं वितळवून भरलेला असे. आपल्याकडचे पेंटर ज्याला लांबी भरणं म्हणतात, ते करून तो झाकता येतो. पण चांगले कारागीर अजून शिसंच भरतात. लाकडी पट्टीने वितळलेलं शिसं सारवणं बघणं हा या साऱ्या उद्योगातला मला सर्वांत आवडणारा भाग. भिंत लिंपणाऱ्या बाईचा हात जसा चालतो, तसा तो चालतो.

रंगाची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण कसलेल्या पेंटरचीही चूक इथेच होते.

आपल्याकडे फर्निचरवाले अजून ‘ड्युको पेंट’ म्हणतात. हा शब्द याच घराण्यातला आहे. ड्यूपाँट आणि जनरल मोटर्स यांनी मिळून विकसित केलेला ड्युको हा झटपट वाळणारा लॅकर १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर आला. त्याआधी गाडीचा रंग वाळायला दिवसच्या दिवस लागायचे. १९६९ पर्यंत जनरल मोटर्सच्या गाड्या त्याच्या धाकट्या भावंडाने, अ‍ॅक्रिलिक लॅकरने रंगत. लॅकर वाळतो म्हणजे त्यातला थिनर उडून जातो, बाकी रासायनिक काही घडत नाही. म्हणून वाळलेला थर उष्णतेने पुन्हा मऊ होऊ शकतो. कारखान्यात याचाच फायदा घेत. रंग मारायचा, थोडा भाजायचा, खराब जागा घासायच्या आणि मग भट्टीत इतका तापवायचा की पृष्ठभाग वितळून आपोआप चमकावा. आरशासारखा मात्र तो कधीच होत नसे. संत्र्याच्या सालीसारखी बारीक खरखर राही, दारांच्या आतल्या कडांना रंग विरळ असे, खालच्या बाजूला फवारा उडालेला दिसे. बॉडी ‘फिशर बॉडी’ नावाच्या विभागात रंगायची आणि बॉनेट-मडगार्ड शेवरोलेच्या बाजूला. त्यामुळे एकाच नारिंगीच्या दोन किंचित वेगळ्या छटा एका गाडीवर येत. आपल्या गाडीच्या पट्टीवर ‘७२ ७२’ आहे, म्हणजे खाली-वर दोन्हीकडे हगर ऑरेंज. ती नेमकी कुठल्या डब्यातली, ते पट्टी सांगत नाही.

आता हे सगळं पुन्हा करायचं. आजचे दोन थरांचे रंग, वर पारदर्शक कोट, पाणीपेपरने घासून बफिंग, यातून येणारी खोल चकाकी डोळ्यांना मोहवते, आणि परीक्षक ती बघून गुण कापतो. याला ते ‘ओव्हर-रिस्टोअर्ड’ म्हणतात. आपल्याकडच्या एखाद्या चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याला सांगून बघा, की भाऊ, थोडी खरखर ठेव आणि दाराच्या आत रंग कमी मार. तो पैसे परत करेल. अमेरिकेतही चित्र फारसं वेगळं नाही. शिवाय कॅलिफोर्नियासारख्या राज्यात हवेच्या प्रदूषणाच्या नियमांमुळे लॅकर मारणंच अवघड झालं आहे. म्हणून काही जण आधुनिक रंगानेच, फवाऱ्याचा दाब बदलून ती खरखर उठवतात. ही नक्कल जमणारे पेंटर थोडे आहेत आणि त्यांच्याकडे रांग असते.

इंजिनाचा नारिंगी वेगळा. तो शेवरोलेचा ठरलेला इंजिनाचा रंग. इंजिन जुळवून झाल्यावर तो एकदमच फवारत, त्यामुळे एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरही थोडा उडायचा. हा उडालेला रंग लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

बाकीचे भाग रंगवायचे नसतात, हे कळायलाच नवख्याला वर्ष लागतं. ब्रेकचा मास्टर सिलिंडर उघड्या बिडाचा असे. तो डीलरच्या दुकानात पोचेपर्यंतच गंजायला लागे. प्रदर्शनात तो उघड्या बिडासारखा दिसला पाहिजे पण गंजलेला नको, म्हणून त्यावर अगदी पातळ संरक्षक हात देतात. बोल्टांचे तीन-चार वर्ग आहेत. काळपट करडे फॉस्फेट केलेले, चंदेरी कॅडमियमचे, सोनेरी झाक असलेले, आणि नुसतेच तेल लावलेले. कुठल्या जागी कुठला, हे ठरलेलं आहे. कॅडमियम विषारी, त्याचा मुलामा देणारे कारखाने कमी होत चाललेत. एका गाडीचे शे-दीडशे बोल्ट गोणीत भरून दुसऱ्या राज्यात पाठवणारे लोक आहेत.

मग हरवलेल्या भागांची शोधाशोध. इथे तीन दर्जे आहेत. जुना मूळ भाग दुरुस्त करून, नवीन बनवलेली प्रतिकृती, आणि ‘एनओएस’, म्हणजे त्या काळी कंपनीने सुटा विकायला ठेवलेला, अजून डब्यातून न काढलेला भाग. तिसऱ्याला सोन्याचा भाव. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात दर ऑक्टोबरला अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकेचा मोठा मेळावा भरतो, त्याला लागून जुन्या भागांचा बाजार. चोरबाजारच्या मटण स्ट्रीटवर जुनी हेडलाइटं आणि हॉर्न चाळत फिरलेल्या माणसाला तिथे लगेच घरच्यासारखं वाटेल. फरक इतकाच, की चादर पसरून बसलेला तिथला विक्रेता भागाचा सात आकडी क्रमांक पाठ सांगतो.

एनओएसलाही एक खोच आहे. डबा खरा, भाग खरा, तरी चुकीचा असू शकतो. दुकानात विकायला ठेवलेला भाग पुष्कळदा नंतरच्या वर्षांत बनलेला असतो. त्यावर तारीख १९७२ ची असते. एकच मडगार्ड दोन-तीन मॉडेलांना चालावं म्हणून त्याला जादा भोकं पाडलेली असतात किंवा हवी ती पाडलेलीच नसतात. म्हणजे न वापरलेला, डब्यातला, महागडा भाग बाजूला ठेवून, भंगारातून काढलेला ‘९ए२०’चा खरचटलेला अल्टरनेटर उघडून नीट करणं जास्त शहाणपणाचं ठरतं. झेड/२८चं डिस्ट्रिब्युटर १९६९ ला क्रमांक ११११४८० चं हवं. ते मिळालं तरी त्याचीही तारीख बघायची असतेच.

जोडणीला आता फार लिहीत नाही. ती उलट्या क्रमाने केलेली सुटवणीच. फक्त एक बघण्यासारखं असतं. सगळं नवं, स्वच्छ झाल्यावर मालक ट्रेसिंग पेपर काढतो आणि मेणखडू घेऊन फायरवॉलवर त्या अनामिक तपासनिसाचा घाईचा, तिरका आकडा पुन्हा काढतो. तसाच तिरका. रेडिएटरच्या पाइपांना त्या काळच्याच क्लिपा लावतो, आजच्या चांगल्या क्लिपा नव्हे. जुन्या क्लिपा गळतात, हे त्याला माहीत असतं.

प्रदर्शनाचे दोन नमुने सांगतो. अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका १९३५ सालचा. त्यांची पद्धत ४०० गुणांची. गाडीकडे ४०० असतातच, परीक्षक ते कमी करत जातात. बॉडी, आतली बाजू, इंजिन आणि चासी यांना वेगळे परीक्षक. गाडीजवळ आग विझवायचं नळकांडं दिसत नसेल तर तुमचं काम बिघडतं, आणि ते १९६९ चं असायची गरज नाही. दुसरं म्हणजे मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्स. शिकागोजवळ रोझमाँट इथे २००९ पासून दर नोव्हेंबरला, छपराखाली भरतं. तिथल्या सर्वांत कडक वर्गात १००० गुण असतात आणि परीक्षक एकेका मॉडेलवर आयुष्य घालवलेले असतात. ते गाडीखाली आरसा सरकवतात, विजेरी मारतात, बोल्टाच्या डोक्यावरची अक्षरं वाचतात. पाच गुण गेले तर मालक कागद मागून घेतो आणि पुढल्या वर्षी तेवढे पाच बोल्ट बदलून येतो.

या परीक्षकांची खरी पाठ्यपुस्तकं म्हणजे कधीच न सोडलेल्या, पहिल्याच रंगातल्या गाड्या. त्यांना तिथे ‘सर्व्हायव्हर’ म्हणतात. त्यांचा रंग फिका, सीट फाटलेली असते, पण बोल्ट कुठला होता याचा वाद झाला की सगळे तिच्यासमोर येऊन वाकतात. आपल्या नारिंगी गाडीच्या मालकाला कधीकधी तिचा हेवा वाटतो. वर्षानुवर्षं तासन्‌तास घालून त्याने जे परत केलं, ते शेजारच्याने नुसतं न करून राखलं आहे.

आणि चालवण्याचं काय? इंजिनाचं कॉम्प्रेशन अकराला एक. १९६९ च्या शिसं घातलेल्या उंची पेट्रोलवर ते बेतलेलं होतं. आज पंपावरचं सर्वांत महाग पेट्रोलही त्याला कमी पडतं, म्हणून शर्यतीचं इंधन मिसळावं लागतं. कॅमशाफ्टचं टोपणनाव ‘थर्टी-थर्टी’, कारण टॅपेटची फट .०३० इंच, इनटेकलाही आणि एक्झॉस्टलाही. चालू केलं की शिवणयंत्रांचा कारखाना सुरू झाल्यासारखा खडखडाट होतो, आणि जुन्या माणसांच्या कानाला तोच गोड लागतो.

पण इंजिन पाच मिनिटं चाललं की एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तापतो, आणि त्यावर मुद्दाम उडवलेला तो नारिंगी रंग आधी तपकिरी होतो, मग धूर होऊन जातो. रंग नसेल तर गाडी कारखान्यातून आत्ताच निघाल्यासारखी दिसत नाही आणि गुण जातात. पुन्हा टेप, कागद, फवारा. म्हणून रविवारी संध्याकाळी रोझमाँटचं सभागृह रिकामं होताना काही झेड/२८ ट्रेलरच्या विंचला दोर लावून, इंजिन बंद ठेवूनच वर ओढल्या जातात. दोघं मागून हात लावतात आणि मालक खिडकीतून स्टिअरिंग धरून चालत असतो.